नदीची धार शिमग्यालाच का तुटते?

प्रश्न संगमेश्वर तालुक्यातील एका वाचकाचा आहे. त्यांच्या गावाची नदी सह्याद्रीच्या कड्याखालून निघते. पंचवीस वर्षांपूर्वी वैशाखातही तिची धार चालू असे, आता ती शिमग्याच्या सुमारास तुटते आणि मे महिन्यात डोहसुद्धा आटतात. गावात साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, मग माणसांनी उपसलेल्या पाण्याने एवढा फरक पडू शकतो का, असे ते विचारतात. नदीकाठी नळपाणी योजनेची नवी विहीर प्रस्तावित आहे, तिला गावाने विरोध करावा का, हा त्यांचा दुसरा प्रश्न आहे. लघुपाटबंधारे आणि प्रवाहमापनाच्या कामात रत्नागिरी जिल्ह्यातल्या नद्यांच्या काठाने मी तीस वर्षे काढली आहेत, त्या अनुभवावरून उत्तर देतो.

फरक पडू शकतो, आणि पुष्कळ पडतो. तो लक्षात येत नाही, कारण आपण पाण्याचा हिशेब वर्षाचा करतो आणि नदी मात्र महिन्यांच्या हिशेबाने जगते. आपल्या गावाच्या वरचे पाणलोट क्षेत्र 20 चौरस किलोमीटर धरू. साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे त्या क्षेत्रावर वर्षाला 7 कोटी घनमीटर पाणी पडते. दोन हजार वस्तीचे गाव माणशी रोज 55 लिटर या जलजीवन मिशनच्या निकषाने पाणी वापरील, तर वर्षाला सुमारे 40 हजार घनमीटर लागेल. म्हणजे पडलेल्या पाण्याचा सतराशे-पन्नासावा भाग. हा आकडा पाहिला की कोणालाही वाटेल की एवढ्याने नदीचे काय बिघडणार. अशाच वार्षिक आकड्यांवर मंजूर झालेल्या आणि एप्रिलमध्ये कोरड्या पडलेल्या योजना मी पाहिल्या आहेत. त्यांपैकी एका अहवालात तर प्रवाहाचे माप डिसेंबरमध्ये घेऊन तेच उन्हाळ्याचे म्हणून दाखवले होते.

आपल्या नद्यांना बर्फ नाही. हिमालयातल्या नदीला उन्हाळ्यात वितळणाऱ्या बर्फाचे पाणी मिळते. सह्याद्रीच्या नदीला जे मिळायचे ते जून ते ऑक्टोबरमध्येच मिळते, आणि त्यातले बहुतेक पाणी उतार तीव्र असल्यामुळे काही तासांत, फार तर काही दिवसांत खाडीला जाऊन मिळते. त्यानंतर नदीत जे वाहते ते पावसाचे पाणी नसते. ते डोंगराच्या पोटात, काळ्या कातळाच्या भेगांत आणि जांभ्याच्या सच्छिद्र थरात मुरलेले पाणी असते, झऱ्यांवाटे हळूहळू बाहेर पडणारे. उन्हाळी नदी ही या झऱ्यांची नदी आहे. वर्षाच्या सात कोटी घनमीटरांशी तिचा संबंध फार थोडा आहे.

हे झरे कसे ओसरतात ते समजून घेतले की उत्तराचा अर्धा भाग मिळतो. कातळाच्या लहान पाणलोटात नदीचा प्रवाह पावसाळ्यानंतर ठरावीक प्रमाणात घटत जातो. सोयीसाठी तो दर महिन्याला निम्मा होतो असे समजू. एक डिसेंबरला सेकंदाला 80 लिटर वाहत असतील, तर जानेवारीच्या आरंभी 40, फेब्रुवारीच्या आरंभी 20, मार्चच्या आरंभी 10, एप्रिलमध्ये 5 आणि मे महिन्यात अडीच लिटर. धार बारीक होते, पण तुटत नाही. मृगाच्या पावसाची वाट पाहत ती कशीबशी टिकून राहते. आता याच नदीतून रोज सेकंदाला सरासरी 10 लिटर पाणी उचलायला लागा. डिसेंबरमध्ये हा आठवा हिस्सा आहे, कोणाच्या लक्षातही येणार नाही. जानेवारीत चौथा हिस्सा जाईल, फेब्रुवारीत निम्मे पाणी जाईल आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात नदी संपेल. पाऊस तोच, डोंगर तोच, झरेही तेच, आणि तरी वैशाखापर्यंत चालणारी धार शिमग्याला तुटली.

सेकंदाला 10 लिटर हे प्रमाण मोठे वाटत असेल, तर काठावरचे पंप मोजून पाहा. पाच अश्वशक्तीचा पंप पंधरा-वीस मीटर उंचीवरच्या आगरात पाणी चढवताना सेकंदाला आठ ते दहा लिटर सहज उचलतो. तो आठ तास चालला की दोन लाख तीस हजार लिटर पाणी गेले. दोन हजार वस्तीच्या गावाला पिण्या-वापरण्यासाठी दिवसाला 1 लाख 10 हजार लिटर लागतात. म्हणजे एक पंप एका दिवसात दोन गावांचे पाणी उचलतो. मार्चच्या आरंभीची नदी दिवसभरात 8 लाख 64 हजार लिटर वाहते, आणि असे चार पंप तिला पूर्ण पुसून टाकायला पुरे आहेत. कोकणातल्या कोणत्याही नदीच्या दोन कोसांच्या काठावर चार पंप नाहीत असे ठिकाण आता शोधावे लागेल.

पूर्वी काठावरची माणसे पाणी वापरत नव्हती असे मुळीच नाही. वायंगणी भाताला पाटाने पाणी जाई, आगरांना रहाटाने शिंपणे होई, मिरच्या-वांग्यांचे मळे नदीच्या पुळणीत होत. परंतु पाट वाहत्या पाण्याच्या पातळीला बांधलेला असतो. नदी उतरली की पाट आपोआप बंद पडतो आणि उरलेले पाणी नदीकडेच राहते. रहाटाला बैलाच्या दमाची मर्यादा असते. पंपाला यातली कोणतीच मर्यादा नाही. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पंपाच्या नळीचे खालचे तोंड, डोहाच्या तळाशी सोडला की शेवटची ओंजळही वर येते. माझ्या मते गेल्या दोन पिढ्यांत नदीच्या दृष्टीने झालेला सर्वांत मोठा बदल हाच आहे.

हे मी एकदा प्रत्यक्ष पाहिले. एप्रिल महिना होता, एका वहाळाच्या अरुंद जागी आम्ही प्रवाह मोजण्यासाठी पत्र्याची व्ही आकाराची खाच बसवली होती आणि तिच्यामागे पाण्यात सेंटिमीटरची पट्टी उभी केली होती. सकाळी सहाला पट्टीवर 14 सेंटिमीटर पाणी होते. नऊच्या सुमारास वरच्या अंगाचे तीन पंप सुरू झाले आणि साडेअकराला पट्टी 6 सेंटिमीटरवर आली. नव्वद अंशांच्या खाचेत 14 सेंटिमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 10 लिटर आणि 6 सेंटिमीटर म्हणजे जेमतेम सव्वा लिटर, कारण अशा खाचेत पाण्याची उंची निम्मी झाली की प्रवाह जवळजवळ सहाव्या हिश्शावर येतो. दुपारी दीडला वीज गेली. आम्ही करंजाच्या सावलीत डबे उघडून बसलो होतो. आमच्याबरोबरच्या गड्याने खाचेतून पडणाऱ्या पाण्याचा आवाज बदलल्याचे आधी ओळखले आणि तो उठून पट्टीकडे गेला. चार वाजता पट्टी 11 सेंटिमीटरवर होती, म्हणजे साडेपाच लिटर. पाऊस नाही, ढग नाहीत, कोठे बांध फुटलेला नाही. फक्त तीन बटणे बंद झाली होती. आटलेली नदी पंपांच्या मागे अजून जिवंत असते, हे त्या दुपारी मला जितके स्पष्ट कळले तितके कोणत्याही तक्त्यावरून कळले नव्हते.

आता थोडा गुंतागुंतीचा भाग. उचललेले सगळे पाणी नदीने गमावलेले असते असे नाही. पाण्याचा काही भाग झाडे आणि ऊन मिळून हवेत घालवतात, तो खरोखर खर्च झाला. उरलेला जमिनीत मुरून काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पुन्हा नदीला मिळू शकतो. नदीकाठच्या पुळणवट जमिनीतल्या पोफळीच्या बागेला पाटाने सढळ पाणी दिले, तर त्यातले बरेचसे खालच्या वळणावर परत झिरपते. तेच पाणी दोन डोंगरसोंडा ओलांडून सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, नव्या कलमांच्या बागेला चढवले, तर या नदीपुरते ते कायमचे गेले. म्हणून कोणता पंप किती पाणी उचलतो एवढेच न विचारता, ते पाणी कोठे नेतो हेही विचारले पाहिजे.

ठिबक सिंचनाबाबतही हाच विवेक हवा. पोफळीच्या एका एकरात साडेपाचशेच्या आसपास झाडे असतात. झाडाला ठिबकाने रोज 20 लिटर दिले तर 11 हजार लिटर लागतात. पाटाने दर चौथ्या दिवशी पाच तास पंप चालवला तर रोजची सरासरी 36 हजार लिटर पडते. पंपाच्या तोंडाशी बचत मोठी दिसते आणि ती करावीच. मात्र पाटाच्या पाण्यातला काही भाग नदीला परत मिळत होता, तो ठिबकात मिळत नाही. बचत झाली म्हणून बागाईतदाराने आणखी दोन एकर लावले, तर खर्ची पडणारे पाणी पूर्वीपेक्षा वाढते आणि ठिबक असूनही नदी लवकर आटते. मी ठिबकाचा पुरस्कर्ता आहे, पण क्षेत्र न वाढवण्याचे ठरल्याशिवाय ठिबकाने नदी वाचेल असे कोणाला सांगत नाही.

पाणी कोठे उचलले आणि कोठे सोडले यावर नदीचे रूप किती बदलते, याची दोन मोठी उदाहरणे कोकणातच आहेत. कोयना ही कृष्णेच्या खोऱ्यातली, पूर्वेकडे वाहणारी नदी. तिचे पाणी वीजनिर्मितीसाठी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरवले जाते, पोफळी गावच्या वीजगृहानंतर कोळकेवाडी धरणात साठते, तेथे पुन्हा वीज देऊन वाशिष्ठीला मिळते. चिपळूणकर त्याला कोयनेचे अवजल म्हणतात. कृष्णा पाणीतंटा लवादाने म्हणजे बच्छावत लवादाने 1976 मध्ये या पश्चिमवळवणीला वर्षाला 67.5 अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. हे पाणी वर्षभर सारखे सोडले असे धरले तर सेकंदाला सरासरी 60 हजार लिटर होते. आपल्या उन्हाळी वहाळाच्या दहा लिटरांशेजारी हा आकडा ठेवून पाहा. उन्हाळ्यातली भरलेली वाशिष्ठी ही सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या झऱ्यांची नदी राहिलेली नाही, ती विजेच्या मागणीप्रमाणे चढउतार करणारी नदी आहे. वीजनिर्मिती थांबली की चिपळूणच्या पाणीपुरवठ्याची आणि कारखान्यांची ओढाताण होते, ती यामुळेच. रायगड जिल्ह्यातल्या कुंडलिकेलाही भिरा वीजगृहातून 1927 पासून मुळशीचे पाणी मिळत आले आहे. कोलाडला सकाळी राफ्टिंग करणारे पर्यटक त्या सोडलेल्या पाण्यावरच तरंगत असतात. अवजल मुंबईकडे नेण्याची चर्चा अनेक वर्षे चालू आहे. त्या चर्चेत एक गोष्ट विसरली जाऊ नये: साठ वर्षांत काठावरचे सगळे जीवन, विहिरी, बागा, मासेमारी, त्या वाढीव पाण्याला जुळवून बसले आहे.

उलट उदाहरण वैतरणा खोऱ्याचे. तानसा धरण 1892 चे, मोडकसागर 1957 चे, पुढे ऊर्ध्व वैतरणा आणि मध्य वैतरणा झाली. भातसा आणि विहार, तुळशी ही दोन जुनी तळी धरून मुंबईला रोज सुमारे 3850 दशलक्ष लिटर पाणी मिळते. ते पाणी वापरून झाल्यावर वैतरणेला परत जात नाही. मुंबईच्या गटारांतून समुद्राला जाते. नदीच्या दृष्टीने तो शंभर टक्के खर्च आहे, जरी नळाखाली बादली भरणाऱ्या माणसाने त्यातले पेलाभरच प्यायले असले तरी.

आपल्या नदीकडे परत येतो. आपण लिहिले आहे की नदीत थेट पंप फारसे नाहीत, काठाच्या विहिरींवर आहेत. नदीपासून वीस-तीस मीटरवरची विहीर आणि नदी यांचे पाणी बहुधा एकच असते. विहिरीतले पाणी नदीपेक्षा वर असेल तोवर जमीन नदीला पाणी देते. उपशाने ते नदीच्या खाली गेले की नदी जमिनीला देऊ लागते. फरक इतकाच की नदीतल्या पंपाचा परिणाम तासाभरात दिसतो आणि विहिरीचा काही दिवसांनी, म्हणून कोणी तो विहिरीच्या नावावर मांडत नाही. डोंगरउतारावरच्या बोअरवेलचे तर नावच घेतले जात नाही. ज्या भेगेतून झरा वाहत होता तिलाच वरच्या बाजूला छेद दिला, तर पाणी नदीत पोहोचण्यापूर्वीच उचलले जाते.

वनराई बंधाऱ्यांबद्दल माझे मत अनेकांना रुचत नाही. सिमेंटच्या गोण्यांत माती भरून घातलेला बंधारा नवे पाणी निर्माण करीत नाही, तो वेळ बदलतो. दिवाळीनंतर लगेच, नदीत भरपूर पाणी असताना घातला, तर काठच्या जमिनीत पाणी मुरते आणि ते फेब्रुवारी-मार्चमध्ये हळूहळू परत मिळते. तोच बंधारा उद्घाटनाच्या सोयीने जानेवारीच्या अखेरीस घातला आणि एकापाठोपाठ एक असे सहा घातले, तर प्रत्येक बंधारा भरेपर्यंत खालच्या गावाची धार बंद राहते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, उशिरा टाकले तरी तेच होते. तळाशी चार इंची पाइप ठेवून थोडी धार सतत खाली सोडावी, एवढे पथ्य पाळले तरी वरच्या आणि खालच्या गावातली निम्मी भांडणे मिटतील.

खाली सोडलेले पाणी वाया जाते, हे वाक्य मी सभांमधून शेकडो वेळा ऐकले आहे. ते चुकीचे आहे. मृगाच्या पहिल्या पुरात चढणीला लागणारे, म्हणजे प्रवाहाविरुद्ध वर जाणारे, मळे मासे उन्हाळाभर डोहातच तग धरून असतात. डोह आटले की पुढच्या वर्षीची चढण संपली. महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळण कोंडात मोठमोठे मासे टिकले, ते लोकांनी देवीच्या नावाने तो कोंड राखला म्हणून. आणि नदी जेथे खाडीला मिळते तेथे गोड्या पाण्याचा रेटा कमी झाला की भरतीचे खारे पाणी वर सरकते. काठच्या विहिरी मचूळ होतात, खाजणालगतची भातजमीन बिघडते, आणि गोड्या-खाऱ्या पाण्याच्या मिश्रणावर जगणाऱ्या तिसऱ्या, मुळे या शिंपल्यांच्या जागा बदलतात. खाडीतली बाई तिसऱ्या काढायला पूर्वीपेक्षा वर जावे लागते असे सांगते, तेव्हा ती प्रवाहमापनच सांगत असते.

तरीही सगळा दोष पंपांना देणे घाईचे ठरेल. सड्यावरचा जांभा यंत्राने खोदून सपाट केला, चिरेखाणी झाल्या, उतारावरची झाडी उतरवून माती उघडी पडली, तर पावसाचे पाणी मुरण्याऐवजी धावते आणि झऱ्यांचा साठाच कमी भरतो. सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस हुकला तरी उन्हाळी प्रवाह कमी होतो, मग जुलैमध्ये कितीही पूर आले असोत. यातले आपल्या गावात काय घडले आहे ते मापनाशिवाय कोणीही सांगू शकणार नाही, पण ते मापन गावाला करता येते.

नदीवर दोन जागा निवडा: एक सर्वांत वरच्या पंपाच्या आणि विहिरीच्याही वर, दुसरी सर्वांत खालच्या पंपाच्या खाली. दोन्ही ठिकाणी पत्र्याची नव्वद अंशांची खाच बसवा. कोणताही फॅब्रिकेशनवाला ती एका दिवसात करून देतो. खाचेतून पाणी मोकळे पडले पाहिजे, कडेने आणि खालून गळती नको, आणि पट्टी खाचेपासून हातभर मागे असावी. तुळशीच्या लग्नापासून पहिल्या पावसापर्यंत आठवड्यातून एकदा, पहाटे पाचला आणि दुपारी चारला, दोन्ही जागी वाचन घ्या. वरच्या जागेचा प्रवाह संथपणे घटत राहिला आणि खालच्या जागेचा मध्येच कोसळला, तर कारण उपसा आहे. वरची जागाही लवकर आटली, तर दोष पाणलोटात आहे आणि पंपांवर बंधने घालून फार काही साधणार नाही. पहाट आणि दुपार यांतला फरक रोजच्या उपशाचे माप देईल. त्यात काठावरच्या झाडांनी दिवसा ओढलेले पाणीही थोडे मिसळलेले असते, हे ध्यानात ठेवावे. पुरावा हातात आला की पंपांच्या पाळ्या ठरवणे सोपे जाते, कारण कोण किती उचलतो हा आरोप न राहता वहीतला आकडा होतो.

राहिला नव्या विहिरीचा प्रश्न. माझ्या मते विरोध करू नये. गावाला पिण्यासाठी लागणारे पाणी मार्चच्या प्रवाहाचा सुमारे आठवा हिस्सा आहे, आणि पाण्यावर पहिला हक्क पिणाऱ्याचा आहे. आग्रह धरायचा तो जागेबद्दल आणि मापाबद्दल. योजनेचा अहवाल मागून घ्या आणि त्यातले प्रवाहमापन कोणत्या महिन्यातले आहे ते पाहा; एप्रिल अखेरचे नसेल तर ते पुन्हा करून मागा. जॅकवेल, म्हणजे योजनेची पाणी उचलण्याची विहीर, गावाच्या मोठ्या डोहात किंवा त्याच्या लगत घेऊ नये, कारण माशांचा आणि गुरांचा शेवटचा आसरा तोच असतो. डोहाच्या खालच्या अंगाला, जेथे पात्रात रेती-गोट्यांचा जाड थर आहे तेथे घ्यावी. टाकी दिवसा पंपांच्या वेळेत न भरता पहाटे दोन ते पाच या वेळात भरण्याची अट ग्रामसभेच्या ठरावात घालून घ्या. त्या वेळी वरचे पंप बंद असतात, रात्रभर झऱ्यांनी नदीला जे दिलेले असते ते विहिरीत उतरलेले असते, आणि योजनेच्या विहिरीसाठी कोणाच्याही आगराचे पाणी तोडावे लागत नाही.